थांबलो, आता बोला

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला चंद्रमौलींच्या मोबाइलच्या दुकानात एक हेल्मेट शिरलं आणि काउंटरपाशी उभं राहून दोन आवाजांत बोलू लागलं.

एक आवाज पुरुषाचा, ओशाळलेला, तमिळमधला. "मॅडम, जरा मदत कराल का?" दुसरा बाईचा, खणखणीत, आणि तो थेट हेल्मेटच्या पोटातून येत होता. "आणि वांगी कोवळी बघून घे. मागल्या खेपेस आणलास ती अस्की किडकी निघाली. ऐकतोस का नाही, हयग्रीवा?"

दुकानात काम करणाऱ्या वेदवतीच्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर हातातच राहिला. ‘अस्की’ म्हणजे सगळी. हा शब्द तिच्या अम्माच्या तोंडचा, तिच्या स्वयंपाकघरातला. कुंभकोणमच्या मराठी घरांतून तीनशे वर्षं एकच शिरस्ता चालत आलाय... उंबऱ्याच्या आत मराठी, बाहेर तमिळ. भर बाजारात, चार्जर आणि इअरफोनांच्या गर्दीत, ती भाषा अशी एका हेल्मेटमधून बाहेर पडेल असं तिला कशाला वाटेल?

"फोन आत अडकलाय," हेल्मेट म्हणालं. "आत्याचा फोन आला, गाडीवर हात मोकळे राहावेत म्हणून गालाशी खोचला... आता फोनही निघत नाही आणि डोकंही."

ही तऱ्हा वेदाला नवी नव्हती. अर्धं गाव हेल्मेटमध्ये फोन खोचून गाडी हाणतं आणि वर ऐटीत सांगतं, बघा, दोन्ही हात मोकळे. असल्या शहाण्यांचा तिला मनापासून राग यायचा.

"बसा खाली," ती मराठीत म्हणाली.

हेल्मेट दचकलं. आतली आत्याही दचकली. "कोण रे ती? आपली पोर दिसते. कुणाच्या घरची, विचार बघू."

"आत्या, मी अडकलोय."

"तू अडक. तिला विचार."

वेदाने ओठ घट्ट मिटून हसू दाबलं, हनुवटीखालचा पट्टा सोडला आणि गालाकडची गादी दोन बोटांनी अलगद ओढली. फोन सुटून तिच्या तळहातावर पडला... उबदार, अजून बोलत असलेला. मागोमाग हेल्मेट निघालं. आत सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा एक तरुण होता. घामाने कपाळाला चिकटलेले केस, डाव्या गालावर फोनचा लांबट लाल ठसा, आणि एवढं होऊनही हसणारे डोळे.

"हयग्रीव म्हणजे घोड्याच्या तोंडाचा देव ना?" वेदा म्हणाली. "घोड्याच्या तोंडात लगाम घालतात हे ऐकलं होतं. फोन घातलेला आजच पाहिला."

"घोडा शहाणा असतो, लगाम घालून घेतो," तो गाल चोळत म्हणाला. "मज कोणी घातला नाही अजून."

हे बोलून तो स्वतःच लाजला. वेदाने उगीचच काउंटर पुसायला घेतला.

मग त्याने आपली कर्मकथा सांगितली. तो तंजावूरचा. रेशमाच्या मागांवर नक्षी उचलणारं जे जकार्ड यंत्र असतं, ते दुरुस्त करणं हे त्याचं काम. दोन महिन्यांपूर्वी कंपनीने इकडे धाडलं, तेव्हापासून अलमेलू आत्याकडे मुक्काम. दारासुरमला एक माग अडतो तोवर तिरुभुवनमला दुसरा. दिवसाला साठ-सत्तर किलोमीटर मोटरसायकल, आणि वाटेत विणकरांचे फोनवर फोन. नाही उचलला तर बोलणी, उचलला तर पोलीस.

"हेल्मेटला बसवायचा संच आहे आमच्याकडे," वेदा म्हणाली. "ब्लूटूथचा. आत बारीक स्पीकर, तोंडापाशी माइक. वाऱ्याचा आवाजसुद्धा जात नाही पलीकडे. हात मोकळे राहतात." आणि मग दुकानदाराने कधी बोलू नये ते ती बोलली. "डोकं मोकळं राहत नाही. ते ज्याचं त्यानं बघायचं."

"माल विकता की अडवता?"

"दोन्ही."

ती हसत म्हणाली खरी, पण जुनी गोष्ट आठवलीच. तीन वर्षांपूर्वी तिने आपल्या थोरल्या भावाला, कृष्णप्रसाद अण्णाला, फोन केला होता. येताना कॉफीची पूड आण, एवढंच सांगायचं होतं. तो दारासुरमच्या रस्त्यावर स्कूटरवर होता. एका हाताने खिशातून फोन काढला, "हां, बोल वेदा" म्हणाला... आणि पुढे तिला जे ऐकू आलं ते ती अजून विसरलेली नाही. अण्णाच्या पायात सळई बसली, चाल कायमची लंगडी झाली. घरात कुणी तिला एका शब्दाने बोललं नाही. त्यानंतर तिने वाटेवरच्या माणसाला फोन म्हणून केला नाही, अण्णाला तर मुळीच नाही. कुणाचा फोन आला तरी आधी विचारायची, "गाडीवर आहात?" हो म्हटलं की कट. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, तसं झालं होतं तिचं.

संच बसवायला अर्धा तास लागला. शेवटी तिने एक गोष्ट बंद केली. "फोन दोनदा वाजला की हा संच आपला आपण उचलतो. कारखान्यातून तसाच येतो."

"सोयीचं आहे की. बंद कसाला?"

"फोन कधी उचलायचा ते माणसानं ठरवावं. यंत्रानं नाही."

तो तिच्याकडे बघत राहिला, आणि या वेळी त्याचे डोळे हसत नव्हते.

दुकानाची एक रीत होती. संच बसवला की गिऱ्हाइकाने गाडीवरून महामहम कुळाला, म्हणजे पलीकडच्या मोठ्या तळ्याला, एक फेरी मारायची आणि दुकानातून त्याच्याशी फोनवर बोलत राहायचं. आवाज नीट येतो का ते त्याशिवाय कळत नाही. हे काम नेहमी चंद्रमौली करायचे. आज ते तिरुनागेश्वरमला लग्नाला गेले होते.

"मग? लावा फोन," हयग्रीव गाडीवर बसत म्हणाला.

वेदाने नंबर लावला. तो वळणावर दिसेनासा झाला आणि कानात त्याचा आवाज आला, अगदी शेजारी उभा असल्यासारखा. "येतंय का ऐकू?"

"हो."

"काहीतरी बोला की. एवढ्याशा ‘हो’वरून काय कळणार?"

"एक... दोन... तीन..." ती आकडे मोजू लागली. नवापर्यंत गेली आणि आवाज फुटेना.

"आवाज कापतोय. संचात खोट आहे का?"

"नाही. माझ्यात आहे."

पलीकडे इंजिन बंद झाल्याचा आवाज, स्टँड लागल्याचा आवाज. आणि तो म्हणाला, "थांबलो. कुळाच्या पायऱ्यांपाशी, गाडी कडेला लावून. आता बोला."

वेदा स्टुलावर बसली. तिला रडू येत होतं आणि का येत होतं ते तिला नेमकं ठाऊक होतं. इतक्या वर्षांत तिच्यासाठी गाडी कडेला लावणारा हा पहिलाच.

*

पुढचे दोन महिने त्या एका शब्दावर गेले.

फोन यायचा, आणि नमस्कार नाही, चमत्कार नाही... "थांबलो." कधी दारासुरमच्या फाट्यावरच्या चिंचेखाली, कधी तिरुभुवनमच्या कॉफीच्या टपरीशी. तिने केला आणि तो गाडीवर असला तर फोन नुसता वाजत राहायचा. मग पाच मिनिटांनी त्याचा यायचा. फोन उचलला गेला म्हणजे गाडी उभी आहे, एवढा तिचा त्या वाजण्यावर विश्वास बसला होता.

"इतकं थांबून थांबून काम कधी होतं?" एकदा तिने विचारलं.

"होतं. पेट्रोल वाचतं. आत्या म्हणते, पोरगा सुधारला."

"आणि विणकर?"

"ते म्हणतात, बिघडला." मग जरा थांबून, "खरं सांगू? पूर्वी मी रस्त्याकडे बघून गाडी चालवायचो. आता थांबायला जागा कुठं बरी आहे ते बघत चालवतो."

वेदाने फोन कानाशी दाबून धरला.

ऐप्पशीचा महिना लागला, पावसाची रोजची भुरभुर सुरू झाली. एका बुधवारी दुपारी फोन वाजला. "थांबलो."

"कुठं?"

"वर बघा."

रस्त्यापलीकडे, पानांच्या दुकानाच्या छपराखाली तो उभा होता. मागे विड्याच्या पानांच्या ओल्या हिरव्या गड्ड्या, समोर पावसाच्या धारा. मध्ये वीस पावलं रस्ता.

"एवढ्यासाठी फोन?" वेदा म्हणाली. "आत या की."

"समोर आलो की जीभ अडते. मागासारखी." त्याने केसांतलं पाणी झटकलं. "वेदवती... मज तुमच्याशी लग्न करायचं आहे. आत्या येईल तुमच्या घरी रीतीनं विचारायला. पण आधी तुमी सांगा. तुमास चालणार नसेल तर तिला जिने कसाला चढवायचे?"

वेदाच्या छातीत असं काही धडधडलं की आसपासच्या इअरफोनांनाही ऐकू गेलं असेल. तिला हो म्हणायचं होतं. अगदी तिथल्या तिथे, पाऊस ओलांडून. पण ओठांवर आलं ते वेगळंच.

"शुक्रवारी मज बघायला येणार आहेत. चेन्नैचे. बँकेत आहे तो. मेट्रोनं जातो, मेट्रोनं येतो. अम्माने त्याचा पहिला गुण काय सांगितला, ठाऊक आहे? त्याच्याकडे दुचाकी नाही."

"माझ्याकडे आहे," तो हळूच म्हणाला.

"तेच तर."

तिने त्याला अण्णाची हकिकत सांगितली. सगळी, कॉफीच्या पुडीपासून. तो ऐकत राहिला, छपराखालून तिच्याकडे बघत. शेवटी म्हणाला, "गाडी सोडतो म्हणालो तर खोटं होईल. पोट त्यावर आहे."

"ठाऊक आहे. उद्या संध्याकाळपर्यंत सांगते. शुक्रवारच्या आत."

"थांबतो," तो म्हणाला.

*

गुरुवारी सकाळी तो दुकानात डोकावला. पावसाने संचात खरखर येऊ लागली होती. वेदाने तो लॅपटॉपला जोडला, नवं सॉफ्टवेअर घातलं, खरखर गेली. दोघं एकमेकांकडे बघायचं टाळत होते आणि त्यामुळे दर मिनिटाला नजरा भिडत होत्या.

"तिरुभुवनमला जातोय," हेल्मेट घेताना तो म्हणाला. "तीन माग बंद आहेत. येतो."

तो गेला आणि वेदाच्या डोक्यात जातं फिरायला लागलं. होय म्हटलं तर? रोज सकाळी तो निघणार, रोज संध्याकाळपर्यंत आपला जीव टांगणीला. नाही म्हटलं तर? तर चेन्नै, सातवा मजला, वेळेवर घरी येणारा सज्जन माणूस. तिने त्या सज्जन माणसाच्या येण्याची वाट बघून पाहिली... मनातल्या मनात. काहीच झालं नाही. तो आला काय, उशिरा आला काय, सारखंच वाटलं. आणि इथे या माणसाचा फोन यायला दहा मिनिटं उशीर झाला की ती रस्त्यावरच्या प्रत्येक निळ्या मोटरसायकलीकडे बघायची.

साडेबाराला तिचं ठरलं. इतकं पक्कं ठरलं की तिला आणखी एक क्षण धीर धरवेना. तिने फोन लावला. तो गाडीवर असला तर नुसता वाजेल, मग तो करेलच.

दोनदा वाजला आणि उचलला गेला.

म्हणजे गाडी उभी. "ऐका," ती म्हणाली, एका श्वासात, तो तोंड उघडायच्या आत, नाही तर धीर सुटला असता. "मी अम्माला सांगणार आहे, चेन्नैवाल्यांना नक्को म्हणून. मज भीती वाटते, ती वाटतच राहणार, पण मी..."

हॉर्न. लोखंड रस्त्यावर घासत गेल्याचा लांबच लांब आवाज. धप्प.

आणि मग काही नाही.

"हयग्रीव?" ती म्हणाली. "हयग्रीव..."

लाइन तुटली.

दुकान होतं तिथेच होतं. पंखा फिरत होता. वेदाच्या बोटांनी आपसूक पुन्हा नंबर लावला. एकदा वाजला. दोनदा वाजला. उचलला गेला. "हॅलो," ती ओरडली. उत्तर नाही. दुरून माणसांचा गलका, एक बाई तमिळमध्ये म्हणत होती, "पाणी आणा, पाणी." जवळ कुणीच नव्हतं. फोन कुणी उचललाच नव्हता.

तो यंत्राने उचलला होता.

वेदाला सगळं एकदम कळलं. सकाळी नवं सॉफ्टवेअर घातलं तेव्हा संच होता तसा झाला होता, कारखान्यातून आल्यासारखा. दोन वाजण्यांत आपला आपण उचलणारा. ते पुन्हा बंद करायला ती विसरली. ती त्याच्याकडे चोरून बघत होती ना, म्हणून विसरली. तो थांबलेला नव्हताच. भर रस्त्यात, चालत्या गाडीवर, तिने त्याच्या कानात तोंड घातलं होतं. दुसऱ्यांदा. तिच्याच आवाजाने दुसऱ्यांदा.

चंद्रमौली काय झालं विचारत होते. ती पळत सुटली होती. पुढच्या गल्लीत अण्णाचं झेरॉक्सचं दुकान. तिला बघून तो गिऱ्हाइकाचे कागद तसेच टाकून उठला.

"अण्णा, तिरुभुवनम. आत्ता."

त्याने कारण विचारलं नाही. स्कूटर काढली. तीन वर्षांत ती त्याच्या मागे पहिल्यांदा बसली.

तिरुभुवनमकडे जाणारा मयिलाडुदुरैचा रस्ता कधी नव्हे इतका लांब झाला. बस आडवी येत होती, पाऊस डोळ्यांत जात होता. वेदा देवाला नवस बोलत नव्हती, कारण कुठल्या तोंडाने बोलणार? ती फक्त रस्त्याच्या दोन्ही कडांना निळी मोटरसायकल शोधत होती आणि ती दिसू नये असंही तिला वाटत होतं.

तिरुभुवनमच्या अलीकडे ती दिसली. चिखलात आडवी, हँडल वाकडं. भोवती केळीची पानं विखुरलेली. शेजारच्या विणकराच्या घरापुढे पाच-सहा माणसं, आणि एकाच्या हातात ते हेल्मेट, एका अंगाने खरवडून पांढरं पडलेलं. वेदाने ते पाहिलं आणि ती तिथेच थांबली. अण्णानेच तिला दंडाला धरून पुढे नेलं.

हयग्रीव तिण्णैवर, म्हणजे दाराबाहेरच्या ओट्यावर, बसला होता. डावं मनगट ओल्या पंच्याने बांधलेलं, कोपर सोललेलं, शर्टावर चिखल. उजव्या हातात कॉफीचा टंबलर. घरातली बाई त्याला आणखी साखर हवी का विचारत होती.

तो जिवंत होता. साखर नको म्हणत होता.

वेदा मटकन तिण्णैच्या पायरीवर बसली आणि कुणाची पर्वा न करता रडली. विणकराची बायको, नाव भुवनेश्वरी, तिने न विचारता वेदाच्याही हातात एक टंबलर दिला.

"उलीस, थोडंसंच खरचटलं," हयग्रीव घाईघाईने सांगू लागला. "मनगट मुरगळलं असेल, डॉक्टर बघेल. तुमचा आवाज आला एकाएकी... मी सवयीनं गाडी कडेला घ्यायला गेलो. मागच्या केळीच्या पानांच्या गाडीवाल्याला काय ठाऊक, हा मध्येच थांबणार म्हणून? तो धडकला. तोही बरा आहे, पानं तेवढी गेली. मी हेल्मेट काढून त्याला उचलायला धावलो. आत फोन वाजला तो कळलाच नाही. मग तुमास करायला गेलो, तर खिशातला फोन पाण्यानं मेलेला."

"ते मी बंद करायला विसरले," वेदा म्हणाली. "आपोआप उचलणं. माझी चूक. माझ्या आवाजानं माणसं पडतात." तिने डोळे पुसले आणि सरळ बसली. "उद्या ते लोक येतील. मी त्यांना होय म्हणते. तुमी माझा नंबर काढून टाका."

हयग्रीवचा चेहरा उतरला. तो काही बोलणार, तोच अण्णा खाली बसला, अवघडलेला पाय लांब करून.

"वेदा," तो म्हणाला, "म्हणून तू मज तीन वर्षं फोन केला नाहीस?"

तिने हो म्हणून मान हलवली.

"मी म्हणायचो, हिला झालंय तरी काय. घरी आल्यावर कळायचं, दही संपलंय. पुन्हा जा. लंगडत." तो हसला, पण आवाज ओला होता. "तू फोन केलास. उचलला मी. गाडी चालवताना खिशात घातला तो हात माझा होता, बाई. तुझा नव्हे. मज वाटलं, हे तुला ठाऊक असेल. सांगायला पाहिजे होतं."

वेदाने त्याच्याकडे पाहिलं. इतकी साधी गोष्ट. एका घरात राहून दोघांनी तीन वर्षं एकमेकांना विचारली नव्हती.

"आणि त्या चेन्नैवाल्याची तुला काळजी वाटणार नाही, हे मज पटतं," अण्णा पुढे म्हणाला. "पण ज्याची काळजी वाटत नाही असा माणूस बघून कोणी लग्न करतं का?"

भुवनेश्वरीला मराठी कळत नव्हतं. तरी तिने मान डोलावली.

हयग्रीवने टंबलर खाली ठेवला. हेल्मेट धरून उभ्या असलेल्या माणसाकडून ते मागून घेतलं आणि वेदाच्या मांडीवर ठेवलं. "हा संच काढा यातून. मज नक्को आता. हात मोकळे राहतात, डोकं राहत नाही, हे तुमी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. माग दोन तास अडला तर अडू दे. ज्याला बोलायचं असेल तो मी पोचेपर्यंत वाट बघेल."

"आणि मी?"

"तुमीसुद्धा." मग आवाज खाली घेऊन, "आता मात्र मी कुठं जात नाही. मघाशी बोलायला घेतलं होतंत, ‘पण मी’ म्हणून... ते पुरं करा. नाही तर नाही म्हणा, तेही समोर म्हणा."

पाऊस तिण्णैच्या कडेवर ठिबकत होता. सहा अनोळखी माणसं, एक भाऊ, एक कॉफी देणारी बाई. वेदाला अजून भीती वाटत होती. ती कुठे जाणारही नव्हती. पण त्या भीतीमागे लपून चेन्नैच्या सातव्या मजल्यावर जाऊन बसायचं, हे आता तिला लाजिरवाणं वाटलं.

"पण मी तुमच्याशीच लग्न करणार," ती म्हणाली. "भीत भीत का होईना."

त्याने उजवा हात पुढे केला. तिने तो धरला. अण्णाला एकाएकी रस्त्यावरची केळीची पानं गोळा करायची आठवण झाली.

मग वेदाने तोच हात न सोडता दुसऱ्या हाताने घरी फोन लावला. हे पुढे ढकललं तर धीर जाईल, हे ती स्वतःला ओळखून होती.

"अम्मा, उद्या त्या लोकांना येऊ नका म्हणून सांग. मी तिरुभुवनमला आहे. अण्णा आहे सोबत. ज्याच्याशी मी लग्न करणार आहे, तो गाडीवरून पडला. हात मुरगळलाय."

हयग्रीवने कान फोनकडे नेला.

"कोण तो?" अम्मा म्हणाली.

"अलमेलू मामींचा भाचा. हयग्रीव."

"आपल्यातला?"

"हो."

"गाडीवर फिरतो?"

"हो, अम्मा."

कुकरची शिट्टी झाली, चूल बंद केल्याचा आवाज आला. वेदाच्या हातातला त्याचा हात घामेजला होता, की तिचा, ते कळत नव्हतं.

"हात कुठला मुरगळला?" अम्माने विचारलं. "डावा का उजवा?"

"डावा."

"मग जेवता येईल," अम्मा म्हणाली. "डॉक्टरला दाखवा आणि घेऊन ये त्याला. भात टाकते."